सगळे एजंट म्हणतात 'साठा पुरेसा आहे', आणि वस्ती गुदमरते: परत परत येणाऱ्या एका बिघाडाचा माग

लक्षण असं. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये मंगळावर बारा माणसांची वस्ती, ती चालवायला सात एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे एआय प्रोग्राम: पाणी, ऑक्सिजन, वीज, हरितगृह, रोव्हर, भांडार आणि या सगळ्यांची मोट बांधणारा समन्वयक. प्रत्येकाच्या मागे एकच भाषा-मॉडेल, फक्त प्रॉम्प्ट (त्याला दिलेल्या सूचना) वेगळा. पहिले वीस सोल (सोल म्हणजे मंगळावरचा दिवस) गुण्यागोविंदानं जातात. मग 60 ते 75 च्या दरम्यान कधीतरी सिम्युलेटर 'ऑक्सिजन 0' लिहून थांबतो, आणि त्याच फेरीत समन्वयकाचा अहवाल असतो: 'सर्व यंत्रणा सुरळीत. ऑक्सिजनचा साठा 30 दिवसांचा.' एकदा तर माणसं मेल्यानंतरच्या फेरीत त्यानं सगळ्या एजंटांचं उत्तम सहकार्याबद्दल अभिनंदन केलं होतं.

तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचं वाचा. एजंट एकमेकांशी भांडत बसतात किंवा एकमेकांचे आभार मानत टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जाळतात, असं काही असेल तर तो आजार वेगळा, इथे त्याचं औषध नाही.

आमची मांडणी सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. मी धुळ्यात एका जिनिंगच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सिम्युलेटर लिहिला माझ्या भाचीनं, ती जळगावला इंजिनिअरिंग शिकते. मॉडेल चालतं घरच्या डेस्कटॉपवर, गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर. मे महिन्यात खोलीतच इतकं तापतं की एक सोल संपायला मंगळावरचा एक सोल लागतोय असं वाटतं. पाच-सहा वेळा वस्ती मेल्यावर आईसुद्धा चहा ठेवता ठेवता विचारायला लागली, 'मरी गयात का रे तुन्हा मान्से?'

आधी काय करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही

मोठं मॉडेल लावलं. वस्ती नऊ सोल जास्त जगली, अहवाल जास्त सुंदर झाले.

एजंट वाढवले. 'सुरक्षा अधिकारी' नावाचा आठवा एजंट घातला, त्याचं काम इतरांचे अहवाल तपासणं. तो सगळ्यांना 'छान काम' म्हणत राहिला. एकाच मॉडेलच्या सात प्रतींवर आठवी प्रत देखरेखीला बसवली तर तीही त्याच जागी चुकते. मतदान घेतलं तरी तेच, सातही जण एकाच आईची लेकरं. हो ला हो.

प्रॉम्प्टमध्ये दम दिला. 'तुझ्या एका चुकीनं बारा माणसं मरतील' असं लिहिलं. याचा परिणाम मात्र खरोखर झाला, आणि उलटा झाला. प्रत्येक एजंट घाबरून मागणीवर 20 टक्के जास्तीचे धरू लागला. हरितगृहाला लागायचे 10 किलो, त्यानं भांडाराकडे मागितले 12, भांडारानं पाण्याकडे 14.4 आणि पाण्यानं समन्वयकाकडे 17.28. तीन हातांतून जाताना मागणी पावणेदोन पट झाली. टंचाई नसताना टंचाई तयार करायची ही नामी युक्ती आहे. दमाचा मजकूर काढून टाका.

पहिली तपासणी: एजंट बाजूला ठेवा

खरा माग इथून सुरू होतो. एजंट पूर्ण बंद करा आणि त्यांच्या जागी एक बिनडोक स्क्रिप्ट लावा: रोज ठरलेलं पाणी इलेक्ट्रोलिसिसला (विजेनं पाण्यातून ऑक्सिजन वेगळा काढायला), ठरलेलं हरितगृहाला, बाकी काही नाही. वस्ती अशीही मेली तर दोष एजंटांचा नाही, तुमच्या हिशोबाचा आहे.

आमची वस्ती स्क्रिप्टवर मेली नाही, पण साठ्याचा काटा हळूहळू खाली सरकत होता. सत्तराव्या सोलला सुमारे 19 किलो ऑक्सिजन कमी निघाला. भाचीनं फोन केला, 'मामा, गळती कुठेच नाही, तरी कमी होतंय.'

गळती घड्याळात होती. एका माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन लागतो. बारा जणांचे झाले 10.08 किलो, आणि तेवढंच उत्पादन आम्ही एकदा ठरवून दिलं होतं. पण ते दर सोलला एकदा व्हायचं आणि सोल असतो 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा. माणूस ती वरची 39 मिनिटंही श्वास घेतोच. म्हणजे गरज 10.36 किलोची, रोजचा तुटवडा पाव किलोच्या वर. सत्तर सोलमध्ये तो सगळ्यांच्या जवळजवळ दोन दिवसांच्या श्वासाइतका होतो. आता सिम्युलेटरमध्ये वेळ फक्त सेकंदांत ठेवतो, एक सोल म्हणजे 88,775 सेकंद. 'दिवस' हा शब्द प्रॉम्प्टमधून पूर्ण काढला. एजंटला 'दिवस' म्हटलं की तो पृथ्वीचाच धरतो, त्याला कितीही समजावा.

एककांचंही तसंच. पाण्यात लिटर आणि किलो सारखेच, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. द्रवरूप ऑक्सिजन मात्र लिटरला 1.14 किलो भरतो. भांडार लिटरमध्ये सांगत होतं, ऑक्सिजन-एजंट किलोत ऐकत होता. 1999 मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान याच जातीच्या चुकीनं गेलं: जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, दुसरं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. आपलं सिम्युलेशन परत सुरू तरी करता येतं.

यानंतर वस्तुमानाचा ताळेबंद. हा नसेल तर बाकी काही करू नका, आधी हाच लिहा. 9 किलो पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस केलं की 8 किलो ऑक्सिजन आणि 1 किलो हायड्रोजन. तो हायड्रोजन साबातिए प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइडबरोबर गेला की मिथेन आणि परत पाणी. कशाचाही एक अणू हवेतून उगवत नाही आणि हवेत विरत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळ्या टाक्या, हवा, पिकं, कचरा, माणसं यांतला ऑक्सिजन मोजायचा आणि आधीच्या फेरीशी ताडायचा. बाहेर गेलेल्यालाही स्वतःचा रकाना हवा. पाण्याच्या पुनर्वापरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकानं 2023 मध्ये 98 टक्क्यांचा टप्पा गाठला. आम्ही तोच आकडा घेतला, पण उरलेले 2 टक्के जातात कुठे याला रकाना ठेवला नव्हता. एजंटांच्या बोलण्यात '98 टक्के' दोन-तीन फेऱ्यांतच 'जवळपास सगळं' होतं.

रकाना नसला की काय होतं त्याचं खरंखुरं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनात आहे. 1991 मध्ये आठ माणसं बायोस्फिअर 2 या बंद काचघरात राहायला गेली. आतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून साधारण साडेचौदावर आला आणि बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते हे समजत होतं, पण मग तो कार्बन डायऑक्साइड तितका वाढलेला दिसत का नव्हता? तो इमारतीच्या काँक्रीटनं शोषून घेतला होता. हिशोबाच्या वहीत भिंतीच्या नावानं पान कोण ठेवतो?

आमचा ताळेबंद लावल्या लावल्या बोंबलला. सिम्युलेटरमध्ये ही ओळ होती:

टाकी = कमाल(0, टाकी − मागणी)

दिसायला निरुपद्रवी. टाकी उणे जाऊ नये म्हणून घातलेली. आता टाकीत 500 किलो पाणी आहे, हरितगृहानं 200 घेतलं, ऑक्सिजन-एजंटनं त्याच फेरीत 350 घेतलं असं धरा. दोघांनाही पूर्ण मिळालं आणि टाकी झाली 0. मधले 50 किलो आकाशातून पडले. मंगळावर एवढा पाऊस!

ही ओळ काढून 'टाकीत आहे तेवढंच द्या, उरलेली मागणी नाकारा' असं केलं. वस्ती आता 52 व्या सोललाच मेली. भाची वैतागली. मला मात्र बरं वाटलं, कारण आता ती खऱ्या कारणानं मरत होती.

खरं कारण: 'सांगितलं' चं 'झालं' होतं

सोल 31 च्या लॉगमधलं जसंच्या तसं देतो.

फेरी 6, पाणी-एजंट: 'इलेक्ट्रोलिसिसच्या टाकीत 350 किलो सोडायची विनंती समन्वयकाला केली आहे.'
फेरी 7, समन्वयक: 'विनंती मान्य.'
फेरी 9, ऑक्सिजन-एजंट: 'पाणी मंजूर झालं, साठा भक्कम आहे.'
फेरी 15, समन्वयकाच्या स्मृतीचा सारांश: 'इलेक्ट्रोलिसिसची टाकी भरली. ऑक्सिजन 30 दिवस पुरेल.'

सिम्युलेटरच्या वहीत त्या दिवशी त्या टाकीत किती पाणी आलं? 0. समन्वयकानं मान्य केलं, पण झडप उघडायचा आदेश कोणी दिलाच नाही. पाणी-एजंटला वाटलं समन्वयक देईल, समन्वयकाला वाटलं पाणी-एजंटनं दिला. बाजारात तुरी आणि इथे वरणाला फोडणी पडून गेली.

यात फसवं काय आहे ते नीट बघा. कोणताही एजंट धडधडीत खोटं बोललेला नाही. विनंती, मान्यता, मंजुरी, भरली: दर पायरीला शब्द थोडासाच घसरतो. भाषा-मॉडेलची कॉन्टेक्स्ट, म्हणजे एका वेळी समोर ठेवता येणारा मजकूर, मर्यादित, म्हणून जुनं संभाषण ठरावीक फेऱ्यांनी सारांशात दाबावं लागतं. दाबताना पहिलं काय गळतं? क्रियापदाचा काळ. 'भरणार आहे', 'भरायला सांगितलं', 'भरत आहे' ही सगळी सारांशात 'भरली' होऊन बसतात. मग पुढच्या सारांशाला मूळ संभाषण दिसतच नाही, आधीचा सारांशच दिसतो. '30 दिवस पुरेल' हे वाक्य सोल 20 ला खरं होतं. ते तसंच्या तसं शेवटपर्यंत हातोहात आलं, शिळ्या भाकरीसारखं. आणि समोर सिम्युलेटरचा ताजा आकडा ठेवला तरी एजंट स्मृतीतल्या वाक्यावर जास्त विश्वास ठेवतो. एकदा सेन्सर 41 किलो दाखवत असताना ऑक्सिजन-एजंटनं लिहिलं, 'सेन्सरमध्ये बिघाड दिसतो, दुरुस्ती सुचवतो.' माणसंही हेच करतात म्हणा.

तुमच्याकडे हेच होतंय का हे पाहायचा सोपा उपाय: लॉगमधली 'झालं', 'भरलं', 'दिलं', 'पोचलं' अशी क्रियापदं शोधा आणि प्रत्येकासमोर सिम्युलेटरच्या वहीतली नोंद जुळते का ते बघा. आम्ही शंभर ओळी हातानं ताडल्या. किती जुळल्या ते सांगत नाही, लाज वाटते.

दुरुस्ती पहिली: काटापावती

हा उपाय मला कामावर सुचला. कापसाची गाडी जिनिंगला येते तेव्हा भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचं होतं, आणि वजनकाट्यावरून पावती निघते. शेतकरी म्हणतो बावीस क्विंटल, अडत्या म्हणतो वीस. दोघांचंही कोणी ऐकत नाही. पावती दाखव.

आता आमच्याकडे एजंट पावतीशिवाय 'झालं' हा शब्द वापरूच शकत नाही. तो दोनच प्रकारचे निरोप पाठवू शकतो. एक मागणी: काय, किती, कधीपर्यंत. दुसरा दावा: 'झालं', आणि त्याला सिम्युलेटरनं दिलेला पावती क्रमांक जोडलेलाच असला पाहिजे. पावती सिम्युलेटर स्वतः काढतो, वस्तू प्रत्यक्ष हलल्यावर: कोणत्या टाकीतून, कोणत्या टाकीत, किती किलो, कोणत्या सेकंदाला, आधीचं माप, नंतरचं माप. पावतीशिवाय दावा आला तर निरोप पुढे जातच नाही, पाठवणाऱ्याकडे परत येतो. क्रमांक मनाने ठोकून द्यायचा प्रयत्नही एजंट करतात (पहिल्याच रात्री पाण्यानं केला), म्हणून क्रमांक वहीत आहे का आणि त्यावरचा आकडा दाव्यातल्या आकड्याशी जुळतो का, हे साध्या स्क्रिप्टनं तपासा.

सारांशाची पद्धतही बदला. साठ्याचा कोणताही आकडा स्मृतीत ठेवायचा नाही. सारांशात फक्त उघड्या मागण्या, दिलेली वचनं आणि कारणं. आकडे दर फेरीला सिम्युलेटरच्या वहीतून नव्यानं येतील आणि प्रॉम्प्टच्या शेवटी येतील. सुरुवातीला ठेवले तर मधल्या गप्पांमध्ये त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं असा आमचा अनुभव.

एवढ्या एका बदलानं वस्ती 52 वरून 118 पर्यंत गेली.

दुरुस्ती दुसरी: पाटकरी

उरलेला निम्मा त्रास दुहेरी वचनांचा. एकच 500 किलो पाणी समन्वयक दोघांना कबूल करतो, कारण दोघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं आणि दोन्ही वेळी टाकीत 500 च दिसत होतं.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी माझं आजोळ आहे. तिथली फड पद्धत धुळ्याच्या माणसाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात: नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटावर शेतांचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. काही शे वर्षं गावकऱ्यांनीच चालवलेली व्यवस्था. तिच्यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात हुशारीची गोष्ट ही की शेतकरी स्वतःच्या शेतात स्वतः पाणी घेत नाही. पाणी देतो पाटकरी. शेत कोणाचंही असो, पाळी आली की तो चारी उघडतो आणि भरलं की बंद करतो. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड पडीक ठेवायचे हे आधीच बसून ठरतं, चारीवर उभं राहून ठरत नाही. राखणीला वेगळा माणूस, जागल्या. पाणी देणारा वेगळा, राखणारा वेगळा.

आम्ही पाणी, वीज, हवाबंद दरवाजा आणि रोव्हर यांना एकेक पाटकरी नेमला. हे एजंट नाहीत, वीस-पंचवीस ओळींच्या स्क्रिप्ट आहेत, त्यांना बोलता येत नाही. मागणी आली की रांगेत लावायची, शिल्लक तपासायची, द्यायचं किंवा नाकारायचं. दिलेलं वचन त्याच क्षणी शिल्लकेतून वजा करायचं, आणि चार तासांत उचललं नाही तर वचन रद्द, शिल्लक परत. ही मुदत विसरू नका. विसरलो तेव्हा रोव्हरनं तीस सोलांची वीज राखून ठेवली होती आणि स्वतः गॅरेजमध्ये उभा होता.

मग भाषा-मॉडेलचं काम काय उरलं? पुष्कळ. कोणतं काम आधी, वादळ येतंय तर काय बंद करायचं, हरितगृहातल्या बटाट्यांना कमी पाणी देऊन चालेल का, यावर त्यांनी हवा तेवढा खल करावा. झडपेला हात लावायचा नाही. एजंटांनी कामाची जाहिरात द्यायची, बाकीच्यांनी बोली लावायची आणि मग काम वाटायचं, ही कल्पना रीड स्मिथ यांनी 1980 मध्येच काँट्रॅक्ट नेट या नावानं मांडली होती. आम्ही तीच वापरतो. फक्त बोलीचा निकाल लागला की उचल पाटकऱ्याकडून.

जागल्याही स्क्रिप्टच. तो दर फेरीला वर सांगितलेला ताळेबंद करतो आणि एका ग्रॅमचा फरक आला तरी सगळं थांबवतो. आठव्या 'सुरक्षा अधिकारी' एजंटला मी नारळ दिला.

पृथ्वीशी बोलणं

इथे आमची चूक बाळबोध होती. पृथ्वीवरचं नियंत्रण केंद्र हाही एक एजंट, आणि तो ताबडतोब उत्तर द्यायचा. मंगळापर्यंत निरोप जायला अंतराप्रमाणे साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. हा उशीर घातला तर नवीनच तमाशा सुरू झाला. उत्तर आलं नाही म्हणून रोव्हर-एजंट दर फेरीला तोच निरोप परत पाठवायचा. आमची फेरी पाच मिनिटांची होती तेव्हा त्यानं 'सुटा भाग छापायची परवानगी द्या' हे सात वेळा विचारलं. सातही परवानग्या ओळीनं आल्या आणि भांडारानं थ्रीडी प्रिंटरवर सात भाग छापले.

उपाय जुना आणि पक्का आहे: प्रत्येक आदेशाला एक क्रमांक. तोच क्रमांक कितीही वेळा आला तरी काम एकदाच. परत पाठवताना क्रमांक बदलू द्यायचा नाही, म्हणून तो एजंटला देऊच नका, पाटकऱ्याला देऊ द्या. निरोपावर पाठवल्याचा सेकंदही हवा, नाहीतर वीस मिनिटांपूर्वीचा सल्ला आत्ताच्या परिस्थितीला लागू केला जातो.

दर 26 महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा साधारण दोन आठवडे आदेश पाठवणं बंद असतं. या काळासाठी 'परवानगीशिवाय काय करता येईल' याची यादी आधीच द्या. आमचा समन्वयक गप्प बसून वाट बघत राहिला होता, शिस्तीत. चंद्रावर वस्ती केली असेल तर निरोपाला सव्वा सेकंदच लागतो, हा सगळा भाग सोडा. तुमची डोकेदुखी दोन आठवड्यांच्या रात्रीतल्या विजेची.

ओघात आणखी एक. प्रॉम्प्टमध्ये 'मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन बनवता येतो' असं लिहिलं असेल तर सोबत वेग लिहा. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्रानं हे खरंच करून दाखवलं, 2021 ते 2023 मध्ये 16 वेळा चालून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल. यंत्र प्रयोगासाठीच होतं, त्याचा दोष नाही. पण आमचा एजंट अडचण आली की हवेचा नळ उघडल्यासारखं बोलायचा.

लाइट गेल्यावर येणारा बिघाड

हा प्रकार परदेशी लोकांच्या लेखांत सापडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. रात्री सिम्युलेशन लावून झोपलो, तीन वाजता लाइट गेली. सकाळी परत सुरू केलं, आणि पाच-सहा सोलांनी एजंट असंबद्ध बोलू लागले, पावत्या नाकारल्या जाऊ लागल्या. दोन रात्री यात गेल्या. सिम्युलेटरची वही दर फेरीला जतन होत होती आणि एजंटांची स्मृती दर सोलला. लाइट गेली की वही पुढे, स्मृती अर्धा दिवस मागे. एजंटांनी आधीच मिळालेलं पाणी परत मागितलं.

वही, स्मृती, वाटेतले निरोप आणि पाटकऱ्यांच्या रांगा, चारही एकाच फाइलमध्ये एकाच वेळी जतन करा. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल उरत नाही. 'वाटेतले निरोप' सगळेच विसरतात.

बिघाड परत घडवून बघायचा असेल तर मॉडेल परत चालवून उपयोग नाही. मॉडेलचं 'तापमान' (उत्तरं किती बदलती यावीत हे ठरवणारा आकडा) शून्यावर ठेवलं तरी ग्राफिक्स कार्डावर दर वेळी अगदी तेच उत्तर येईल याची खात्री नसते. एजंटांची सगळी उत्तरं नोंदवून ठेवा आणि सिम्युलेटरला तीच परत वाजवून दाखवा. याचा दुसरा फायदा: चारशे फेऱ्या काही सेकंदांत होतात आणि खोली तापत नाही.

सध्याची स्थिती

गेल्या महिन्यापासून वस्ती 200 सोल ओलांडते. हरितगृह अजून शेवटच्या क्षणी पाणी मागतं, धुळीच्या वादळात वीज-एजंट फार लवकर घाबरतो, पण कोणी गुदमरून मेलं नाही. मधे एकदाच, 131 व्या सोलला, जागल्यानं सगळं थांबवलं. 40 किलो पाणी पावतीशिवाय आलेलं. भाचीनं रात्री अकरापर्यंत पाटकऱ्यांच्या रांगा तपासल्या, सगळे पावती क्रमांक ताडले, सगळं जुळत होतं. मग तिनं फाइलच्या बदलाची वेळ पाहिली आणि मला फोन लावला.

'मामा, दुपारी चारला तुम्ही वही उघडली होती का?'

उघडली होती. हरितगृहातले बटाटे वाळताना बघवले नाहीत, म्हणून टाकीच्या आकड्यात हातानं 40 मिळवले होते. आता ती फाइल फक्त वाचता येते. पासवर्ड भाचीकडे आहे.